तांदूळ पाठवणारं मिनेयामा ते नव्हे

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला जपानमधल्या नागाओकाच्या ‘शंभर पोती तांदळा’वरचा लेख वाचला: युद्धात उद्ध्वस्त झालेल्या नागाओकाला मदत म्हणून आलेले तांदूळ विकून शाळा उभारल्याची ती गोष्ट. तो निर्णय घेणाऱ्या नागाओकाच्या कोबायाशी तोरासाबुरोंवर मराठीत कुणी इतकं मनापासून लिहितं याचा आनंद झाला. पण ज्या मिनेयामा संस्थानाने ते तांदूळ पाठवले, त्याची बोळवण दोन ओळींत केली आहे. शिवाय नकाशात मिनेयामा क्योटोच्या उत्तरेला दाखवलं आहे! ते तांगो प्रांतातलं, क्योगोकु घराण्याचं, चिरिमेन रेशमाचं मिनेयामा. या तांदळाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. आपलं मिनेयामा एचिगोतलं, म्हणजे आजच्या निईगाता भागातलं, नागाओकाच्या माकिनो घराण्याच्या धाकट्या पातीचं.

नोकरीनिमित्त मी दोन वर्षं निईगाताला होते. एका नोव्हेंबरात शेजारचे आजोबा मला गाडीने तिकडे घेऊन गेले. पाऊस लागला होता, काकुदा डोंगर ढगांत बुडालेला. वाफ धरलेल्या काचेवर त्यांनी बोटाने दोन्ही नावं लिहून दाखवली. इथलं ‘तीन-मूळ-डोंगर’, तिकडचं ‘शिखर-डोंगर’. उच्चार तोच. बाहेर कापणी झालेली भातखाचरं होती. इथे किल्ला कधी नव्हताच, कारभार चालायचा तो ‘जिन-या’मधून, म्हणजे वाडा आणि कचेरी एकत्र. ‘लोक नागाओकाला जातात, इथे कुणी येत नाही,’ एवढंच आजोबा म्हणाले. ते मला अजून टोचतं.

1634 पासून हे नुसतं सहा हजार कोकूंचं वतन (कोकू म्हणजे तांदळाचं माप, जहागिरीचं उत्पन्न त्यात मोजत). दहा हजार कोकूंशिवाय दाइम्यो, म्हणजे संस्थानिक, म्हणवून घेता येत नसे. 1863 साली अकरा हजारांना मान्यता मिळाली तेव्हा कुठे संस्थान झालं, आणि 1871 मध्ये सगळ्यांबरोबर खालसा झालं. उणीपुरी आठ वर्षं! त्यातच बोशिन युद्ध, म्हणजे 1868-69 चं यादवी युद्ध. नागाओका बेचिराख झालं आणि त्याचे 74 हजार कोकू 24 हजारांवर आले, हे लेखात आहे. पण ते 24 हजारसुद्धा मिनेयामाच्या दुपटीहून जास्त होते, हे नाही. 1870 मध्ये शंभर पोती दिली ती या धाकट्याने, थोरल्याला. तोरासाबुरोंनी ते तांदूळ वाटून न टाकता शाळेसाठी विकले, हा त्यांचा मोठेपणा आहेच. पण विकायला आधी कुणीतरी दिले होते ना?

त्याच वर्षी तांगोच्या मिनेयामाशी घोटाळा होऊ नये म्हणून या संस्थानाने आपलं नाव बदलून मिनेओका केलं. तोच घोटाळा दीडशे वर्षांनी तुमच्या पुरवणीत व्हावा, याचं वाईट वाटतं.

आणखी एक. तोरासाबुरो एका परिच्छेदात ‘टोरासबुरो’ आणि पुढच्यात ‘तोराझाबुरो’ होतात. जपानी नावं देवनागरीत सहज नीट लिहिता येतात. इंग्रजी स्पेलिंग समोर ठेवलं की असं होतं. मुद्रितं कुणी वाचत नाही का?

कृपया नकाशा दुरुस्त करून पुन्हा छापावा. ते पान मला आजोबांना पाठवायचं आहे. त्यांना मराठी येत नाही, पण नकाशा कळतो.

आपली नियमित वाचक,
कोथरूड, पुणे