ग्रंथपालांना आधी मोडता येईल असा सर्व्हर द्या

महोदय,

जुनी नियतकालिके, प्रबंध, हस्तलिखिते स्कॅन होऊन संकेतस्थळावर आली की त्याची बातमी होते. पुढे तो संग्रह सांभाळायचे आणि विद्यार्थ्यांना तो वापरायला शिकवायचे काम ग्रंथपालाकडे येते. त्यासाठीचे प्रशिक्षण आता बऱ्याचदा ऑनलाइन असते. ते ऑनलाइन आहे ही अडचण नाही. वक्ता दीड तास स्लाइड वाचतो, शेवटी एक फॉर्म भरला की प्रमाणपत्र मेलवर येते, आणि दुसऱ्या दिवशी पन्नास पुस्तकांच्या नोंदी करून ती रिपॉझिटरीत, म्हणजे संस्थेच्या डिजिटल संग्रहात, चढवायला सांगितली की सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही. हे काम हाताने करूनच येते, आणि हाताने करायचे कामही ऑनलाइन शिकवता येते.

सहा ते आठ आठवडे, वीस-पंचवीस जणांची तुकडी, आठवड्याला एक तास थेट वर्ग आणि तीन-चार तास स्वतः करायचे काम, एवढा आराखडा पुरे. प्रत्येकाला हक्कमुक्त साहित्यातले चाळीसेक नग आणि डिजिटल संग्रह चालवणाऱ्या डीस्पेससारख्या प्रणालीच्या चाचणी सर्व्हरवर पूर्ण अधिकारांचे खाते मिळाले पाहिजे. डीस्पेस २००२ पासून मुक्त स्रोत आहे, त्यामुळे परवान्याची सबब चालणार नाही. खरा संग्रह असलेल्या सर्व्हरवर शिकाऊ माणूस भीतीने कशालाच हात लावत नाही. चाचणी सर्व्हर बिनधास्त मोडता आला पाहिजे, आणि तो मूळ स्थितीत आणायची सोय आयोजकाने आधीच करून ठेवली पाहिजे.

डब्लिन कोअर या नोंदींच्या प्रमाणित आराखड्याचे १५ घटक (शीर्षक, दिनांक, प्रकाशक वगैरे) दहा मिनिटांत पाठ होतात. घोळ होतो तो भरताना. दिनांकाच्या रकान्यात प्रकाशनवर्षाऐवजी स्कॅन केल्याची तारीख पडते. प्रकाशक म्हणून स्कॅन करणाऱ्या ग्रंथालयाचे नाव लागते. एकच लेखक कुठे पूर्ण नावाने, कुठे नुसत्या आद्याक्षरांनी येतो आणि यंत्राच्या लेखी तीन माणसे होतात. शके १८४२ असे छापलेले पुस्तक इसवी सन १९२० चे की १९२१ चे, हे महिना कळल्याशिवाय सांगता येत नाही. मग कोणीतरी एक साल ठोकून देतो. तारखा लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१९ मधल्या दुसऱ्या भागात यासाठी सोय आहे: चौकोनी कंसात दोन्ही साले स्वल्पविरामाने लिहिली की त्यांपैकी एक असा अर्थ होतो. प्रणाली ते स्वीकारत नसेल तर छापलेला मूळ मजकूर टिपेच्या रकान्यात जसाच्या तसा उतरवावा. यावरचा सर्वांत उपयोगी सराव अगदी साधा आहे. एकच शीर्षकपृष्ठ पाच जणांना द्यावे, एकमेकांचे न पाहता नोंदी करायला लावाव्यात आणि मग त्या पाचही नोंदी पडद्यावर शेजारी शेजारी ठेवाव्यात. पुढचा तासभर प्रशिक्षकाला फारसे बोलावे लागत नाही.

नावांची साफसफाई ओपनरिफाइन या तक्ते साफ करण्याच्या साधनाने शिकवावी, पण एका इशाऱ्यासह. त्यातली गट पाडण्याची सोय मिळतीजुळती नावे एकत्र दाखवते; ती खरोखर एकाच व्यक्तीची आहेत का, हे तिला ठाऊक नसते. 'सगळे निवडा' दाबून विलीन केले की काका-पुतण्यांचे ग्रंथ एकाच खात्यावर जमा होतात. विलीन करण्याआधी मूळ तक्ता वेगळा जतन करणे हा सरावाचाच भाग असावा.

जतनाच्या पाठात आकडेमोड करून घ्यावी, कारण तिच्याशिवाय साठवणुकीची मागणी अंदाजपंचे केली जाते. ए-४ आकाराचे पान ३०० पीपीआयवर (दर इंचाला ३०० बिंदू), २४ बिट रंगात, न दाबलेल्या टिफ चित्रफायलीत सुमारे २६ मेगाबाइट होते. ४०० पीपीआयवर सुमारे ४६. म्हणजे ३०० पानांचे पुस्तक ३०० पीपीआयलाच जवळपास ८ गिगाबाइट झाले, आणि किमान तीन प्रती ठेवायच्या तर त्याच्या तिप्पट. वाचकाला द्यायची पीडीएफ वेगळी. ती जपून ठेवायची मूळ प्रत नव्हे, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते, कारण पीडीएफ तयार झाली की टिफ पुसून जागा मोकळी करण्याचा मोह सगळीकडे होतो.

फायली शाबूत आहेत की नाहीत, हे उघडून पाहून कळत नाही. त्यासाठी एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फायलीतल्या मजकुरावरून गणिताने निघणारा ठसा, काढून ठेवायचा आणि ठरावीक काळाने ताडायचा. बॅगइट या मांडणीत, जी २०१८ मध्ये आरएफसी ८४९३ या इंटरनेट दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झाली, फायली आणि त्यांच्या चेकसमांची यादी एकाच फोल्डरमध्ये राहते. प्रशिक्षकाने अशा एका संचातल्या एका फायलीतला एकच बाइट गुपचूप बदलावा आणि ती फाइल शोधायला सांगावी. चित्र पूर्वीसारखेच दिसते, चेकसम मात्र सपशेल वेगळा येतो. इथे हमखास एक फसगत होते. विंडोज किंवा मॅक त्या फोल्डरमध्ये स्वतःची लपलेली फाइल टाकून ठेवते, ती यादीत नसल्यामुळे पडताळणी संच अवैध ठरवते, आणि नवखा माणूस संग्रह बिघडला म्हणून घाबरतो. ही फसगत खऱ्या कामात होण्यापेक्षा वर्गात झालेली बरी.

ओसीआरबद्दल, म्हणजे स्कॅन केलेल्या चित्रातला मजकूर यंत्राने ओळखण्याबद्दल, सांगितले जाते तेव्हा अचूकतेचा टक्का सांगून विषय संपवला जातो. ९८ टक्के ऐकायला छान वाटते. पण २००० अक्षरांच्या पानावर त्या ४० चुका झाल्या. पानावर ४०० शब्द असतील आणि चुका विखुरलेल्या असतील तर दर दहा शब्दांत एक शब्द शोधात सापडणार नाही. देवनागरीत शिरोरेषा तुटलेली असली, जोडाक्षरात शाई भरलेली असली तर परिस्थिती आणखी वाईट. आणि ओसीआर बिनचूक झाले तरी एक पेच उरतोच. 'ॲ' हे एकसंध अक्षर म्हणूनही टंकता येते आणि 'अ' वर चंद्र देऊनही. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, संगणकासाठी ती वेगळी आहेत, आणि युनिकोड या अक्षरसंकेताचे नेहमीचे सामान्यीकरणही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची प्रक्रिया) त्यांना एक मानत नाही. 'दुसऱ्या' मधल्या 'ऱ्या'चीही तीच गत. शोधयंत्रणेत अशी रूपे मुद्दाम एकमेकांना जोडावी लागतात. ते करणारा तंत्रज्ञ असेल, पण त्याला नेमके काय जोडायचे हे सांगणारा ग्रंथपालच असतो, म्हणून हा भाग वगळता कामा नये.

हक्कांविषयी एकच गोष्ट. ज्याचा कॉपीराइट आपल्याकडे नाही किंवा संपला आहे, त्यावर केवळ आपण स्कॅन केले म्हणून क्रिएटिव्ह कॉमन्सचा मुक्त वापराचा परवाना चिकटवता येत नाही. हक्कांची स्थिती सांगणारी १२ प्रमाणित विधाने २०१६ पासून उपलब्ध आहेत, ती वापरावीत.

आता शिकवण्याकडे वळू, कारण सर्वाधिक दुर्लक्ष इथेच होते. ग्रंथपालाला एखाद्या प्राध्यापकाच्या वर्गात पन्नास मिनिटे मिळतात. त्यातली वीस लॉगइन आणि मुखपृष्ठावरच्या बटणांची ओळख यात जातात, उरलेल्यात विद्यार्थी काहीतरी शोधतात, त्यांना ते सापडते, तास संपतो. काहीच सापडणार नाही असा शोध मुद्दाम द्यावा. निकाल शून्य का आला? ओसीआर चुकले, शब्दाचे जुने लेखन वेगळे होते, ते वर्षच स्कॅन झाले नाही, की तो विषय खरोखरच तिथे नाही? या चार शक्यता तपासायला लावणे हा एका तासाचा भरगच्च धडा आहे. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २०१६ मध्ये स्वीकारलेल्या माहितीसाक्षरतेच्या चौकटीत शोध हा डावपेचाने करायचा धांडोळा मानला आहे. ती चौकट स्लाइडवर दाखवली जाते. तिच्यातून प्रश्नपत्रिका कशी काढायची ते दाखवले जात नाही.

व्होयंटसारख्या मजकूर-विश्लेषणाच्या साधनाने शब्दांची वारंवारता काढायलाही शिकवावे, पण आलेखावर लगेच विश्वास ठेवू नये. संग्रहात एका दशकाची ५०० पाने आणि पुढच्या दशकाची ५००० असतील तर जवळजवळ प्रत्येक शब्द वर चढताना दिसतो. आधी दर दहा हजार शब्दांमागे किती, हे काढावे. संदर्भ देताना ब्राउझरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता न उतरवता नोंदीवरचा हँडल किंवा डीओआय (न बदलणारा कायमचा पत्ता) घ्यावा, एवढे विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पाडले तरी पुष्कळ. चॅटबॉटने दिलेल्या संदर्भांचा डीओआय उघडून पाहावा, आणि उघडला म्हणून थांबू नये. तो दुसऱ्याच लेखाचा निघू शकतो. शीर्षक, लेखक, वर्ष ताडूनच पुढे जावे.

प्रशिक्षणार्थ्याची परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांनी होऊ नये. त्याने चढवलेल्या चाळीस नगांपैकी कोणतेही पाच कोणीतरी खरोखर तपासावेत, आणि त्याने सहकाऱ्यांसमोर घेतलेल्या पंधरा मिनिटांच्या ऑनलाइन पाठाचे चित्रण पाहून लेखी अभिप्राय द्यावा. यासाठी दर आठ-दहा जणांमागे एक मदतनीस लागतो. पाचशे जणांच्या वेबिनारला हे परवडत नाही, आणि म्हणूनच वेबिनारांचा सुकाळ आहे.

कमी वेगाच्या जोडणीवर काम करणाऱ्यांसाठी व्हिडिओ दहा मिनिटांच्या आतले आणि उपशीर्षकांसह असावेत, सरावाचा संच हलक्या जेपेगमध्ये एकदाच उतरवून घेता यावा, आणि प्रत्येक कृती लेखी पायऱ्यांतही मिळावी. संस्थाचालकांनी आठवड्याचे ते चार-पाच तास कामाच्या वेळेतलेच असल्याचे लेखी द्यावे. देवघेवीच्या टेबलावर बसून, वाचकांना पुस्तके देता देता हा अभ्यासक्रम पूर्ण होत नाही; मग पहिल्या दोन आठवड्यांत निम्मी तुकडी गळते आणि दोष ऑनलाइन पद्धतीला दिला जातो.

— ग्रंथालय प्रशिक्षणात काम करणारे काही ग्रंथपाल