लवकर पोहोचलेल्या प्रवाशाला आधीच्या फेरीत जागा मिळावी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात अलिबागजवळच्या एका गावी आमच्या भाचीचे लग्न होते. लग्न आटोपल्यावर ऐंशी वर्षांच्या आईला घेऊन तसेच पुढे मुंबईस थोरल्या भावाकडे जायचे होते, म्हणून मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या रो-रो बोटीचे गाडीसह आरक्षण बेळगावहून निघण्यापूर्वीच करून ठेवले होते. चोंढी नाक्यावर गाड्या फार तुंबतात असे लग्नघरी सगळ्यांनी बजावल्यामुळे आम्ही जेवण उरकून लगेच निघालो. त्या दिवशी रस्ता नेमका मोकळा मिळाला आणि आमच्या बोटीला दोन तासांहून अधिक अवकाश असताना आम्ही मांडवा जेट्टीवर दाखल झालो. त्या वेळी आधीची बोट भरत होती.

खिडकीवरच्या तरुणाला मी तिकीट दाखवले आणि या बोटीत जागा होईल का, असे विचारले. त्याने आधी गाडीत बसलेल्या आईकडे पाहिले, मग म्हणाला, "काका, ह्या फेरीची बुकिंगवाली गाडी आधी चढू दे, जागा उरली तर तुम्हाला सोडतो." आम्हाला कडेला उभे केले. रांगेतली शेवटची गाडी लोखंडी रॅम्पवरून खडखडत वर गेल्यावर त्याने वॉकी-टॉकीवर आतल्या माणसाला विचारले, तीन गाड्यांची जागा शिल्लक आहे असे उत्तर आले, तेव्हा आमच्या तिकिटावर पेनाने एक खूण करून त्याने हात दाखवला. जादा पैसे घेतले नाहीत की अर्ज लिहून मागितला नाही. आई वरच्या मजल्यावर खिडकीशी बसली आणि तासाभराने आम्ही भाऊच्या धक्क्याला उतरलो. हीच सेवा मार्च २०२० मध्ये सुरू होण्यापूर्वी गाडी घेऊन मुंबई गाठायची तर पेण-पनवेलवरून शंभरावर किलोमीटरचा वळसा घ्यावा लागे, आणि वडखळला कोंडी असली म्हणजे तीन-चार तासांची निश्चिती नसे.

हे सारे सविस्तर लिहिण्याचे कारण बोटीचे कौतुक एवढेच नाही. त्या तरुणाने जे केले ते आपल्या सीमाभागातून सुटणाऱ्या आणि इकडे येणाऱ्या लांब पल्ल्याच्या बसगाड्यांत का होऊ नये, हा प्रश्न मला त्या दिवसापासून स्वस्थ बसू देत नाही.

याच वर्षी माझी पत्नी आपल्या आईची डोळ्याची शस्त्रक्रिया करून बेळगावला परतत होती. सायंकाळी सहाच्या बसचे आरक्षण होते, पण डॉक्टरांनी लवकर मोकळे केल्याने दोघी साडेतीनलाच बसस्थानकावर पोहोचल्या. चार वाजता त्याच महामंडळाची, त्याच प्रकारची, बेळगावचीच गाडी फलाटावर लागली आणि निम्म्याहून अधिक आसने रिकामी घेऊन निघून गेली. वाहक उद्धट नव्हता. "ताई, तुमचं तिकीट सहाच्या गाडीचं आहे, ह्या गाडीत बसायचं तर नवीन काढा," एवढेच तो म्हणाला. तिकीट रद्द करून पैसे परत मिळण्याची मुदत टळून गेली होती, त्यामुळे डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेल्या सासूबाई अडीच तास सिमेंटच्या बाकावर बसून राहिल्या. सहाची गाडी आली ती गच्च भरूनच. तीत एक बाई कडेवर मूल घेऊन थेट निपाणीपर्यंत उभी होती, असे पत्नीने घरी आल्यावर सांगितले. या दोघींना चारच्या गाडीत बसू दिले असते तर सहाच्या गाडीत दोन आसने मोकळी होऊन त्या बाईला आपोआप जागा मिळाली असती. आमचे दोन तास गेले याचे दुःख मी गिळू शकतो, पण ती बाई उभी राहिली ते मात्र मला अजून टोचते.

वाहकाची अडचण मला समजते. आरक्षणाची यादी त्या त्या फेरीची असते, तिकिटाच्या यंत्रातला हिशेबही फेरीनिहाय असतो, आणि वाटेत तपासनीस चढला व यादीत नसलेला प्रवासी आसनावर सापडला तर जाब वाहकालाच द्यावा लागतो. म्हणूनच हा प्रश्न वाहकाच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही, त्यासाठी लेखी नियमच हवा. गाडी सुटण्यास पाच मिनिटे उरली असताना त्या फेरीचे आरक्षित प्रवासी आणि फलाटावर तिकीट काढणारे प्रवासी बसून झाल्यावर जी आसने उरतील, ती त्याच मार्गाचे, त्याच दिवसाचे आणि त्याच दर्जाच्या गाडीचे नंतरच्या फेरीचे तिकीट जवळ असणाऱ्यांना विनाशुल्क द्यावीत. वृद्ध, आजारी आणि तान्ही मुले घेऊन आलेल्यांना त्यात आधी घ्यावे. वाहकाने जुन्या तिकिटाचा क्रमांक आपल्या मार्गपत्रकावर नोंदवावा आणि स्थानकावरच्या नियंत्रकाने नंतरच्या गाडीतले ते आसन तत्काळ विक्रीला मोकळे करावे. साध्या गाडीचे तिकीट घेऊन कोणी ऐरावत किंवा शिवशाहीत बसू मागेल तर भाड्यातला फरक घ्यावा, त्याबद्दल कोणाची तक्रार असणार नाही.

यात महामंडळाचे नुकसान मला तरी कोठे दिसत नाही. फलाटावरच्या गिऱ्हाइकाला आधी जागा मिळणारच आहे. त्यानंतरही रिकामे राहिलेले आसन गाडी सुटताच वाया गेलेले असते, ते पुन्हा विकता येत नाही; त्यावर नंतरच्या फेरीचा प्रवासी बसला तर पुढच्या गाडीतले एक आसन विकायला मिळते. सणासुदीच्या आणि मे महिन्याच्या गर्दीत, जेव्हा सायंकाळच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा या एकेका आसनाचे मोल मोठे असते.

आपल्या भागातल्या माणसाला लवकर निघण्यावाचून गत्यंतर नसते, हेही ध्यानात घ्यावे. गोव्याला जायचे तर चोर्ला, सावंतवाडीला जायचे तर आंबोली. पावसाळ्यात दरड कोसळली किंवा ट्रक आडवा झाला की घाटात किती वेळ जाईल सांगता येत नाही. पुण्याच्या वाटेवर कागलपासून साताऱ्यापर्यंत महामार्गाच्या सहापदरीकरणाने जागोजागी वळणमार्ग झाले आहेत. पुढचे वाहन चुकू नये म्हणून आपण दोन-तीन तास हाताशी ठेवून घर सोडतो. ज्याने अशी काळजी घेतली, त्याला डोळ्यांदेखत रिकामी गाडी जाताना बघत बसायला लावणे मला अन्यायाचे वाटते. कोकणात दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ या खाडीवरच्या फेरीबोटींवर जो आधी आला तो आधी पलीकडे गेला, अशी साधी रीत मी पाहिली आहे. आरक्षण आले ते अमुक वेळेला जागा नक्की मिळेल अशी हमी देण्यासाठी. त्या वेळेपर्यंत माणसाला खिळवून ठेवावे असा त्याचा हेतू खचितच नसणार. रेल्वेनेही 'विकल्प' योजनेत प्रतीक्षा यादीवरील प्रवाशांना दुसऱ्या गाडीतील रिकाम्या जागा देण्याची सोय केलेली आहे, म्हणजे एका गाडीचे तिकीट दुसऱ्या गाडीत चालवणे व्यवस्थेला अशक्य नाही.

दोन्ही राज्यांच्या परिवहन महामंडळांनी निदान बेळगाव-कोल्हापूर आणि बेळगाव-पुणे या दोन मार्गांवर सहा महिने हा प्रयोग करून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. या पत्राची प्रत मी दोन्हीकडील विभागीय नियंत्रकांना टपालाने पाठवीत आहे. ज्या वाचकांना असा अनुभव आला असेल त्यांनी तारीख, मार्ग आणि गाडीची वेळ नमूद करून आपल्याच सदरात तो कळवावा, म्हणजे पुढच्या निवेदनासोबत ती पत्रे जोडता येतील.

आपला विश्वासू,
एक प्रवासी,
शहापूर, बेळगाव