जुळ्यांच्या आई-बाबांसाठी: दोघांचेही कान तपासा

नमस्कार मंडळी. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सगळ्या सभासदांना आठवण. सीएमव्ही (सायटोमेगालोव्हायरस) हा विषाणू गरोदरपणी आईकडून बाळाला लागू शकतो आणि त्यामुळे बाळाचं ऐकणं कमी होऊ शकतं. जुळ्यांपैकी एकालाच लागण, दुसरं ठणठणीत, असंही होतं. एकाच्या रिपोर्टवर दुसऱ्याला सोडू नका. लघवी किंवा लाळेची तपासणी जन्मापासून 21 दिवसांच्या आत हवी. त्यानंतर लागण पोटातली की बाहेरची, हे सांगणं अवघड जातं.

जन्मानंतरची कानाची तपासणी ठीक आली तरी लागण झालेल्या बाळाचं ऐकणं पुढे कमी होऊ शकतं. डॉक्टर सांगतील तशी बेरा चाचणी (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात, ते पाहणारी) पुन्हा करा. भांडं पडलं आणि एकच बाळ दचकलं, तर ‘उशिरा बोलेल, बापावर गेलंय’ म्हणत थांबू नका, कळकळीची विनंती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात कानाची तपासणी मोफत आहे, आशाताईंना विचारा.