यादीबाहेरचे रसायन कोण शोधणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वडापाव, भजी वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देऊ नका, अशी बातमी अधूनमधून आपल्या अंकात येते. ती यायलाच हवी. पण गाडीवरचा कागद निदान डोळ्यांना दिसतो. किराणा दुकानातल्या चकचकीत पाकिटातून आतल्या पदार्थात काय उतरते ते दिसत नाही, आणि त्याची फारशी विचारपूसही होत नाही. फरसाण, मसाले, लोणची, बाळाचा आहार ज्यात भरतात त्या फिल्म आणि पाऊच तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली, म्हणून हे लिहावेसे वाटले.

आपल्या देशात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे पॅकेजिंगचे नियम २०१८ साली आले आणि १ जुलै २०१९ पासून लागू झाले. प्लास्टिकमधून पदार्थात उतरणाऱ्या सगळ्या गोष्टी मिळून पदार्थाच्या किलोमागे ६० मिलिग्रॅम किंवा वेष्टनाच्या चौरस डेसिमीटरमागे १० मिलिग्रॅम, ही त्यांतली मर्यादा. ती तपासतात कशी? फिल्मचा तुकडा अन्नाऐवजी पाणी, सौम्य ॲसेटिक आम्ल, अल्कोहोल किंवा तेलकट पदार्थांसाठी हेप्टेन अशा द्रवात ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ ठेवायचा. मग तुकडा बाहेर काढायचा, द्रव आटवायचा आणि बशीच्या तळाशी उरलेला साका तोलायचा. आकडा मर्यादेत बसला की नमुना पास. त्या साक्यात नेमके काय आहे, ते तराजू सांगत नाही. जे उडून जाणारे असते ते तर द्रव आटतानाच निघून जाते, वजनात येतच नाही. याखेरीज बेरियम, कोबाल्ट, जस्त, अँटिमनी असे काही धातू आणि डीईएचपी हे प्लास्टिक मऊ ठेवणारे रसायन यांच्या वेगळ्या मर्यादा आहेत. यादीतली एवढी नावे तपासून झाली की काम संपले.

आता पाकीट कसे बनते ते पाहा. बाहेरच्या थरावर छपाई, मध्ये ॲडेसिव्ह, आत पदार्थाला लागणारा थर. पॉलियुरेथेन ॲडेसिव्हने चिकटवलेला फिल्मचा रोल क्युरिंगसाठी, म्हणजे ॲडेसिव्ह पूर्ण पक्के होण्यासाठी, ठेवून द्यावा लागतो. दिवाळीची ऑर्डर डोक्यावर असली की तो लवकर कापायला घेतला जातो. अर्धवट राहिलेल्या अभिक्रियेतला शिल्लक आयसोसायनेट, म्हणजे ॲडेसिव्हमधला एक घटक, पाण्याच्या अंशाशी संयोग पावतो आणि ॲरोमॅटिक अमाइन्स तयार होतात. त्यांतली काही कर्करोगकारक म्हणून ओळखली जातात. ती कुणी मिसळलेली नसतात, म्हणून कुठल्याच पुरवठादाराच्या कागदावर नसतात. छापील बाजू अन्नाला लागू नये, असे आपला नियम सांगतो. पण रोल गुंडाळला की तीच छापील बाजू आतल्या बाजूला टेकते आणि दिवसेंदिवस तशीच टेकून राहते, त्याचे काय?

इटलीत २००५ साली नेमके हेच झाले. अतिनील किरणांखाली शाई झटकन वाळावी म्हणून तिच्यात आयटीएक्स नावाचे रसायन होते. ते रोलमध्ये आतल्या बाजूला उतरले आणि तिथून बाळांच्या दुधात. सुमारे तीन कोटी लिटर दूध जप्त झाले. सापडलेल्या मात्रेने आरोग्याला धोका दिसत नाही, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने नंतर सांगितले. मात्र ते सांगण्याआधी ते रसायन दुधात आहे हे कुणाला तरी दिसावे लागले. त्याआधी २००३ मध्ये बाळांच्या आहाराच्या बरण्यांत सेमीकार्बाझाइड आढळले होते. झाकणाच्या आतल्या रबरासारख्या कड्याला फुगवटा देणारे जे रसायन वापरत, ते तापल्यावर त्याचे हे रूप होत होते. पुढे युरोपने त्या वापरावर बंदी घातली. लोणच्याच्या बरणीचे झाकण उलटे करून पाहिले तर तसेच मऊ कडे दिसेल, आणि त्याला तेल लागलेले असते.

अमेरिकेत २०१० साली न्याहारीच्या सिरियलचे सुमारे २ कोटी ८० लाख खोके परत मागवावे लागले. आतल्या पिशवीतून मिथाइलनॅफ्थलिन उतरले होते. पहिली तक्रार ग्राहकांची होती, वास येतो म्हणून. आपल्याकडे अशी तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला दुकानदार पाकीट बदलून देतो आणि विषय मिटतो. ते पाकीट खरे तर प्रयोगशाळेत जायला हवे.

यादीपुरते पाहण्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. २०१० मध्ये आपली द्राक्षे युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनामुळे, बागायतदारांच्या भाषेत लिहोसीनमुळे. निर्यातीच्या द्राक्षांची फवारणीच्या रसायनांच्या उर्वरित अंशांसाठी तपासणी होतच होती, पण हे नाव तपासायच्या यादीत नव्हते. माल अडकल्यावर ते आले.

अनोळखी रसायन शोधण्याची रीत आज माहीत आहे. फिल्मचा अर्क गॅस क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातले घटक वेगळे करणारे यंत्र) आणि मास स्पेक्ट्रोमीटर (त्यांच्या रेणूंचे वजन सांगणारे यंत्र) यांवर चालवायचा. जे बाष्प होत नाही ते द्रव क्रोमॅटोग्राफवर, रेणूचे वजन दशांशाच्या चौथ्या स्थानापर्यंत सांगणाऱ्या यंत्रावर. कोणते नाव शोधायचे ते आधी ठरवायचे नाही. यंत्राच्या आलेखावर एकेका घटकाचे जे जे शिखर उमटेल ते ते विचारात घ्यायचे, लायब्ररीशी, म्हणजे ओळखीच्या रसायनांच्या नोंदसंग्रहाशी, ताडून पाहायचे. हे काम किचकट आहे. ॲडेसिव्हमधून येणारे कितीतरी लहान-लहान रेणू कुठल्याच लायब्ररीत नसतात, तिथे अनुभवी माणूस लागतो. आणि प्रत्येक शिखर म्हणजे विष, असेही नाही. रेणूची रचना कळली की माणसाच्या पोटात दिवसाला किती गेले तर चालेल याचा अंदाज बांधता येतो, आणि बऱ्याच पदार्थांच्या बाबतीत काळजीचे कारण उरत नाही. मी भीती घालत नाही. नाव कळल्याशिवाय भीती बाळगावी की नाही, हेसुद्धा ठरत नाही, एवढेच म्हणतो.

अशी यंत्रे राज्यात आहेत. कीटकनाशकांचे अंश तपासायला ती चालतात. त्यांवर दरमहा बाजारातून उचललेली पाकिटे, झाकणे, कागदी कप चालवावेत आणि निकाल लोकांसमोर ठेवावा. शाईवाला, ॲडेसिव्हवाला, फिल्मवाला आणि पाकीट बनवणारा, प्रत्येक जण आपला फॉर्म्युला गुप्त ठेवतो. निदान सरकारी विश्लेषकाला तो मिळालाच पाहिजे, असा नियम व्हावा. शोधणाऱ्याचे अर्धे काम त्यानेच हलके होईल.

आपल्या वार्ताहरांनी अन्न व औषध प्रशासनाला दोन आकडे विचारावेत, ही विनंती: गेल्या वर्षभरात खाद्यपदार्थांच्या वेष्टनांचे किती नमुने घेतले, आणि त्यांतल्या किती नमुन्यांत यादीबाहेरचे काही शोधून पाहिले?

आपला,
एक निवृत्त रसायनतज्ज्ञ, डोंबिवली