शिबिरातल्या पायाचा दुसरा सॉकेट कोण देणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कृत्रिम पाय, कॅलिपर (अधू पायाला बांधायचा पट्ट्यांचा आधार), कुबड्या यांच्या मोफत वाटपाच्या बातम्या जिल्ह्याच्या पानावर नियमित येतात. मान्यवरांची नावे असतात, फोटो असतो आणि किती पाय वाटले तो आकडा असतो. आम्ही हे पाय तयार करणारी आणि बसवणारी माणसे. त्या आकड्याबद्दल चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हे पत्र. तीनचाकी सायकल वाटता येते, शिलाई मशीन वाटता येते. पाय मात्र त्या त्या माणसावर बसवावा लागतो आणि नव्याने पाय गमावलेल्या माणसाला तो पहिल्या वर्षभरात बहुधा पुन्हा बसवावा लागतो. शिबिरांच्या हिशेबात ही दुसरी वेळ धरलेलीच नसते.

पाय कंपनीत बनतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. कानपूरची अलिम्को ही केंद्र सरकारची कंपनी १९७२ साली ना-नफा तत्त्वावर स्थापन झाली आणि १९७६ पासून उत्पादन करते आहे. जर्मनीची ऑटोबॉक १९१९ पासून या धंद्यात आहे. अशा कंपन्या पंजा, ॲल्युमिनियमची किंवा पोलादाची नळी, वरखालचे जोड, कृत्रिम गुडघा, कॅलिपरच्या पट्ट्या आणि सांधे बनवतात. हे सामान नंबराप्रमाणे खोक्यातून येते. मात्र उरलेला पाय, म्हणजे आमच्या भाषेत स्टंप, ज्यात जातो तो सॉकेट कोणत्याच कारखान्यातून येत नाही. तो जागेवर, माप घेऊन, हाताने करावा लागतो. महागडा पंजा आणि वाईट सॉकेट असलेला पाय माळ्यावर जातो. साधा पंजा आणि चांगला सॉकेट असलेला पाय शेतात जातो.

गुडघ्याखाली छाटलेल्या पायाचे उदाहरण घेऊ. रुग्णाला बसवून, गुडघा पंधरा-वीस अंश वाकवून, स्टंपवर पातळ मोजा चढवतात. न पुसणाऱ्या पेन्सिलीने खुणा करतात: गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध, नडगीची धार, नडगीचे टोक, बाहेरच्या अंगाला फिब्युलाचे, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचे, डोके. त्यावर प्लास्टरची पट्टी गुंडाळली की खुणा आतून उमटतात. या साच्यात प्लास्टर ओतून स्टंपची प्रतिकृती मिळते. खरे काम इथून पुढे. वाटीखालचा भाग, गुडघ्यामागची खोलगट जागा, नडगीचा आतला रुंद भाग यांना भार सोसतो, म्हणून तिथले प्लास्टर कानशीने घासून कमी करायचे. फिब्युलाचे डोके, नडगीची धार आणि हाडाचे टोक यांना भार सोसत नाही, म्हणून तिथे प्लास्टर चढवायचे. सॉकेटमध्ये तेवढी मोकळीक राहते. हे सगळे मिलिमीटरांचे काम आहे. घाईत फिब्युलावर प्लास्टर चढवायचे राहिले, तर आठवडाभरात तिथे जखम होणार हे आम्हाला साचा बघूनच कळते.

मग सुमारे सहा मिमी जाडीच्या मऊ फोमचे अस्तर आणि त्यावर भट्टीत साधारण १८० अंशांवर तापवलेला पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा, पंपाने हवा ओढून साच्याला चिकटवायचा. हा पत्रा थंड होताना आकसतो. तो साच्यावर पूर्ण निवू द्यावा लागतो, शक्यतो रात्रभर. दुपारीच ओढून काढला तर कडा आत वळतात आणि आकार बिघडतो. ‘सकाळी माप, संध्याकाळी पाय’ ही जाहिरात वाचताना आम्हाला आधी हा पत्रा आठवतो. लांबून आलेल्या, जुन्या, आकार स्थिरावलेल्या स्टंपच्या माणसाला एका दिवसात पाय देणे जमते आणि त्याची सोयही होते, हे मान्य. पण शस्त्रक्रिया होऊन दोन-तीन महिनेच झालेल्या माणसाला असा पाय देऊन घरी पाठवणे म्हणजे त्याच्या गळ्यात नवे दुखणे बांधणे आहे.

कारण स्टंप स्थिर नसतो. शस्त्रक्रियेनंतरची सूज उतरते, न वापरलेला स्नायू वाळतो. पहिले सहा महिने ते वर्षभर स्टंप बारीक होत राहतो. सॉकेट सैल झाला की स्टंप आत खाली सरकतो आणि हाडाचे टोक तळावर टेकते. वाटीखालचा भार वाटीवर येतो. यावर पहिला उपाय मोज्यांचा. सुती मोजे एक, तीन, पाच पदरी मिळतात. सकाळी एक घालून दुपारी दुसरा चढवता येतो. शिबिरात मोजे कमी आणि ते कसे वापरायचे याची माहिती त्याहून कमी मिळते. रोज धुवायचे तर एका माणसाला निदान सहा तरी हवेत. मोज्यांचे दहा-बारा पदर झाले तरी पाय सैल वाटत असेल, तर मोज्यांचा उपाय संपला. आता नवा सॉकेट हवा. पंजा, नळी, जोड तेच चालतात.

इथे सरकारी नियम आडवा येतो. दिव्यांगांना साधने मिळवून देणारी केंद्राची एडिप योजना १९८१ पासून चालू आहे आणि गरीब दिव्यांगांना तिचा मोठा आधार आहे. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाची मर्यादा या तिच्या अटी. आणखी एक अट अशी की, त्याच कामासाठी मागच्या तीन वर्षांत मदत घेतलेली नसावी. बारा वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एक वर्ष आहे. कुबडी किंवा सायकलसाठी ही अट योग्यच आहे. पहिल्या कृत्रिम पायासाठी ती स्टंपच्या स्वभावाच्या विरुद्ध आहे. पाय सहाव्या महिन्यात सैल होणार आणि पुढची मदत सदतिसाव्या महिन्यात मिळणार. मधली अडीच वर्षे माणूस कुबड्यांवर. म्हणून आमची पहिली मागणी साधी आहे: पहिल्या दीड वर्षात बदललेला सॉकेट ‘नवे साधन’ धरू नये, तो पहिल्याच पायाचा भाग धरावा आणि हे नियमात स्पष्ट लिहावे. त्याला लागणारे प्लास्टर, फोम आणि पत्रा हे सामान पंजा-गुडघ्याच्या मानाने स्वस्त आहे. खर्च होतो तो कुशल हातांचा आणि वेळेचा.

पंजाबद्दलही बोलले पाहिजे. साधा सॅच पंजा (घोट्यात न हलणारा, टाचेत मऊ गादी असलेला) टाचेच्या ठरावीक उंचीसाठी बनवलेला असतो. बुटात तपासून दिलेला पाय घरी अनवाणी वापरला की टाच खाली जाते, गुडघा मागे ढकलला जातो आणि सपाट जमिनीवरही चढ चढल्यासारखे वाटते. उलट, उंच टाचेची चप्पल घातली की गुडघा पुढे ढकलला जाऊन अचानक वाकतो. आपल्याकडे घरात कोणी बूट घालत नाही, त्यामुळे पाय घेताना ‘मी दिवसभर पायात काय घालतो’ हे सांगणे फार महत्त्वाचे. जयपूर फूटचे मोठेपण नेमके इथे आहे. १९६८च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा असा पंजा केला की तो अनवाणी चालतो, चिखलापाण्यात टिकतो आणि उकिडवे बसता येईल इतका वाकतो. भाताच्या खाचरात उभे राहणाऱ्याला दुसरा कोणताही स्वस्त पंजा इतका उपयोगी नाही. त्याची मर्यादाही सांगायला हवी. एचडीपीई या प्लास्टिकच्या पाइपचा सॉकेट आणि नळी एकसंध असते, त्यामुळे पाय एकदा तयार झाला की त्याचा कल बदलता येत नाही. स्क्रूच्या जोडाच्या मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग जोडून केलेल्या, पायात तो नंतरही बदलता येतो.

त्या जोडात चार स्क्रू असतात. चालवून बघताना ते फिरवून सॉकेटचा कल ठरवतात, मग स्क्रू-लॉकचा गोंद लावून टॉर्क पान्याने ठरल्या जोराने आवळतात. गोंद राहिला की महिन्याभरात टकटक आवाज येतो आणि पंजा बाहेर वळू लागतो. लोक मग सायकलच्या दुकानात जाऊन चारही स्क्रू सैल करून पुन्हा आवळून घेतात. तसे करू नये. ठरवलेला कल तिथेच जातो. पाय काढायचाच असेल तर शेजारशेजारचे दोनच स्क्रू सैल करायचे, बाकीचे दोन जागेवर राहिल्याने ठरवलेला कल परत मिळतो.

पाय घेणाऱ्याने शिबिर सोडण्यापूर्वी निदान पंधरा-वीस मिनिटे चालावे, फरशीवरही आणि बाहेरच्या मातीवरही. मग पाय उतरवून कातडी बघावी. लालसरपणा दहा मिनिटांत गेला तर ठीक. राहिला तर तिथे दाब आहे, पाय तसाच घेऊन जाऊ नये. मधुमेहामुळे पाय गेलेल्यांना दुखणे कळत नाही, त्यांनी रोज आरसा धरून बघावे. स्टंपचे टोक सॉकेटच्या तळाला हलके टेकलेले हवे. तिथे पोकळी राहिली तर टोक सुजते, काळेनिळे पडते आणि कातडी चामखिळीसारखी जाड होते. स्टंप रात्री धुवावा. सकाळी धुतला तर ओलसर कातडी सॉकेटला चिकटून सोलवटते. सॉकेटही रात्रीच ओल्या फडक्याने पुसून ठेवावा.

काही वेळा तर पाय बसवण्याची संधी शिबिराच्या आधीच गेलेली असते. शस्त्रक्रियेनंतर घरची माणसे मायेने गुडघ्याखाली उशी देतात. गुडघा तसाच आखडतो आणि आखडलेपणा वीस-पंचवीस अंशांपलीकडे गेला की नेहमीचा सॉकेट बसवता येत नाही. मांडीतून पाय गेला असेल तर दिवसातून दोन-तीनदा पालथे झोपवावे. क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखे, टोकाला घट्ट आणि वर सैल गुंडाळावे. वर घट्ट बांधले तर टोक फुगते. हे रुग्णालयातून सोडताना कागदावर छापून देण्याला किती खर्च येतो?

लहान मुलांच्या बाबतीत ‘दुसरी वेळ’ दर वर्षी येते. वाकड्या पावलाच्या बाळाला पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला एक, असे साधारण पाच ते सात प्लास्टर देतात, बहुतेकांची टाचेची शीर छोट्या छेदाने सैल करतात आणि मग दांडीला जोडलेले बूट देतात. दांडी खांद्याइतकी रुंद, बाधित पाऊल साठ-सत्तर अंश बाहेर वळवलेले, एकाच बाजूला दोष असेल तर चांगले पाऊल तीस-चाळीस अंश. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, नंतर झोपेत, वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत. पाऊल पुन्हा वाकडे होण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे हे बूट सुटणे. बाळ रडते म्हणून सुटतात, पण बूट लहान झाले आणि पुढचा नंबर मिळाला नाही म्हणूनही सुटतात. पहिली जोडी देणारे पुष्कळ भेटतात.

पायाचा पंजा पडतो त्यासाठीच्या प्लास्टिकच्या एएफओचेही (घोटा आणि पाऊल धरून ठेवणाऱ्या आधाराचेही) तेच. घोट्याच्या मागून कापलेला एएफओ लवचिक, पुढून कापलेला कडक. कोणता हवा हे स्नायू किती ताठ आहे त्यावर ठरते. तो चपलेत राहत नाही. मागे पट्टा असलेली सँडल, तीही एक नंबर मोठी, सोबत द्यावी लागते. नाहीतर पंधरवड्यात एएफओ खुंटीला. आणि कमरेचे, गुडघ्याचे पट्टे तर औषधाच्या दुकानात पँटच्या नंबरावर विकले जातात. माप पट्टा बसेल तिथे टेपने घ्यायचे असते आणि बिजागरीच्या गुडघापट्ट्यात बिजागरी वाटीच्या मध्याशी यायला हवी, एवढे तरी गिऱ्हाइकाने विचारावे.

शिबिर घेणाऱ्या संस्थांना, सामाजिक जबाबदारीचे (सीएसआर) पैसे देणाऱ्या कंपन्यांना आणि जिल्हा प्रशासनाला आमचे सांगणे असे. शिबिराच्या खर्चातच प्रत्येक नव्या पायामागे एका सॉकेट-बदलाचे पैसे वेगळे काढा. सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने त्याच तालुक्यात तपासणी ठेवा. माप घेणारा माणूस भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला आहे का ते बघा. या परिषदेच्या १९९२च्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीशिवाय हे काम करणे गुन्हा आहे. जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रात भट्टी, हवा ओढण्याचा पंप, घासण्याचे यंत्र आणि एक प्रशिक्षित माणूस एवढे असले तरी सॉकेट जिल्ह्यातच होतो. ग्रामपंचायती, नगरपालिका, जिल्हा परिषदा यांना स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखावा लागतो. त्यातून मोजे, अस्तर आणि सॉकेट-बदल मंजूर करायला काहीच हरकत नसावी. प्रत्येक पायासोबत एक कार्ड द्या: पंजाचा नंबर आणि बाजू, जोडाची कंपनी, माप घेतल्याची तारीख, दुरुस्तीसाठी फोन. कार्ड नसेल तर दुसऱ्या केंद्राला कोणता सुटा भाग बसेल ते पाय खोलून शोधत बसावे लागते.

आणि ज्यांच्या घरी सैल झालेला पाय पडून आहे, त्यांनी तो भंगारात देऊ नये. रबर फाटलेले नसेल आणि जोड शाबूत असेल, तर बहुतेक भाग पुन्हा वापरता येतात. तो पाय, सगळे मोजे आणि अपंगत्वाचा दाखला घेऊन जवळच्या जिल्हा केंद्रात किंवा मुंबईत हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्थेत जावे आणि ‘नवा पाय द्या’ म्हणण्याऐवजी ‘सॉकेट बदलून द्या’ असे सांगावे.

आपले,
कृत्रिम अवयव व आधारसाधने बसवणारे काही प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट, पुणे