दोन्ही कानात एकच आवाज असलेल्या तुमच्या थीटा ऑडिओबद्दल तक्रार, पैसे परत हवेत

प्रति,
कस्टमर सपोर्ट टीम

नमस्कार,

तुमचा २१ दिवसांचा थीटा मॅनिफेस्टेशन (म्हणजे मनातली इच्छा खरी व्हावी म्हणून ऐकायचा) ऑडिओ पॅक मी २,४९९ रुपये भरून घेतलाय, ऑर्डरचा स्क्रीनशॉट जोडते आहे. माझी इच्छा पूर्ण झाली नाही म्हणून पैसे मागत नाहीये, हे आधीच सांगून टाकते कारण तुमच्या चॅटवर दरवेळी गाडी तिथेच वळते. तक्रार अशी आहे की बायनॉरल बीट्स म्हणून तुम्ही जे विकलंय ते बायनॉरल नाहीचे.

तुमच्याच पीडीएफमध्ये लिहिलंय ते बघा. डाव्या कानात २०० हर्ट्झचा सूर, उजव्या कानात २०६ चा, आणि मधला ६ चा फरक मेंदू स्वतः तयार करतो, म्हणून हेडफोन कंपल्सरी. बरोबर आहे, ते तसंच असतं. मग एका कानातला इअरबड काढला की ते घूं-घूं हेलकावे थांबायला पाहिजेत ना, कारण एकट्या कानाला नुसता सपाट सूर ऐकू येणार. तुमच्या फाईलमध्ये एक इअरबड काढला तरी हेलकावे जसेच्या तसे चालू! आधी वाटलं माझ्या इअरबडचा काही घोळ असेल, म्हणून वायरवाला हेडफोन लावला, मोबाईलमधलं मोनो ऑडिओचं (दोन्ही कानांत एकच आवाज देणारं) सेटिंग बंद आहे ना तेही बघितलं, बंदच होतं. तोच प्रकार.

माझा भाचा रील्स एडिट करतो, त्याने फाईल ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. वरची पट्टी (डावं चॅनल) आणि खालची पट्टी (उजवं चॅनल) अगदी सारखी. त्याने एक बाजू उलटी करून दुसरीत मिसळली, तर पूर्ण शांतता, म्हणजे दोन्ही चॅनलमध्ये तंतोतंत एकच आवाज आहे. दोन्ही सूर तुम्ही आधीच एकत्र करून मोनो फाईल बनवलीय, त्यामुळे आवाजच सेकंदाला ६ वेळा कमी-जास्त होतो, त्यात मेंदूला जोडायला काही उरतच नाही. भाचा म्हणाला मावशी हा एक्सपोर्ट करतानाचा घोळ असणार, एका क्लिकचं काम आहे. असेल, पण २१ च्या २१ फाईल्स तशाच आहेत आणि विकायच्या आधी तुमच्याकडे एकानेही हेडफोन लावून ऐकलं नाही का?

हे मी चॅटवर सविस्तर लिहिलं तर उत्तर आलं, "मॅम, तुमचं बिलीफ लेव्हल लो आहे, त्यामुळे व्हायब्रेशन मॅच होत नाहीये." वड्याचं तेल वांग्यावर! डावं चॅनल आणि उजवं चॅनल यात माझ्या बिलीफचा काय संबंध? दुसऱ्या वेळी म्हणे स्पीकरवर लावा, घरातले सगळे ऐकू शकतात. अहो, हेडफोन कंपल्सरी तुम्हीच लिहिलंय ना. आणि सगळे कसे ऐकतील, आमच्या घरात एकाला फिट्सचा त्रास आहे, असे ऑडिओ विकणारे बरेच जण स्पष्ट लिहितात की फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ऐकू नका, गाडी चालवताना लावू नका. तुमच्या ॲपमध्ये मला अशी एक ओळ सापडली नाही.

मी हे घेतलं कारण बँकेच्या प्रमोशनची परीक्षा आहे, डोंबिवली लोकलमधून घरी आल्यावर रात्री अभ्यासाला बसलं की डोकं थाऱ्यावर नसतं. ध्येय डोळ्यासमोर आणून शांत बसायचं, ह्यावर माझा काही आक्षेप नाही, आमची आजी माळ घेऊन रोज तेच करायची. थीटामध्ये विचार थेट ब्रह्मांडात पोचतो वगैरे जे आहे ते तुमचं आणि ब्रह्मांडाचं तुम्ही बघा. पण पीडीएफमध्ये थीटा म्हणजे ४ ते ८ हर्ट्झ, डुलकी लागायच्या आसपासची अवस्था असं लिहिता आणि पॅकवर मात्र 'लेझर फोकस'. मला झोप यायची, तर सपोर्टवाले म्हणाले सबकॉन्शस काम करतंय. मला अकाउंटन्सी पाठ करायचीये हो.

जाहिरातीबद्दलही लिहिते. 'ऋषीमुनींचं गुप्त तंत्र' कुठून आणलंत? हे बीट्स हाइनरिख विल्हेल्म डोव्ह नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला १८४० च्या सुमारास सापडले. 'सीआयएने (म्हणजे अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने) सिद्ध केलेलं' म्हणता, त्यासाठी ज्याचा दाखला देतात तो १९८३ चा अहवाल अमेरिकन लष्करातल्या एका अधिकाऱ्याने लिहिलेला आढावा आहे, मनातली इच्छा खरी होते का याची प्रयोगशाळेतली चाचणी नाही. आणि 'सायन्सने १०० टक्के प्रूव्ह'? बायनॉरल बीट्सने मेंदूच्या लहरी खरंच त्या तालावर येतात का, हे तपासणाऱ्या १४ अभ्यासांचा आढावा २०२३ मध्ये प्लॉस वन या विज्ञान नियतकालिकात आलाय, त्यात ५ बाजूने, ८ विरोधात, १ मध्ये दोन्ही. हे तर नीट बनवलेल्या स्टीरिओ आवाजांबद्दल, तुमच्या फाईल्स त्यात बसतच नाहीत.

अजून एक, पॅकसोबत ऑटोपे चालू होतं हे पेमेंटच्या पानावर मला कुठेही ठळक दिसलं नाही, ॲपमध्ये बंद करायचं बटणही नाही. शेवटी यूपीआय ॲपमध्ये जाऊन मँडेट मीच रद्द केलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने डार्क पॅटर्न्सची (ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांची) जी नियमावली काढली त्यात सबस्क्रिप्शन ट्रॅप नावाने हेच आहे, वाचून घ्या.

मला कूपन नको, 'प्रीमियम गामा पॅक फ्री' नको, बदललेल्या फाईल्सही नकोत. २,४९९ आणि ऑटोपेने कापलेले पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात १५ दिवसांत जमा करा. ज्यांनी हाच पॅक घेतलाय त्यांनाही फाईल्स मोनो आहेत हे ईमेलने कळवा. नाही झालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि मग ग्राहक आयोगात जाणार. ऑडॅसिटीचे स्क्रीनशॉट, चॅटचे स्क्रीनशॉट आणि पहिल्या दिवसाची मूळ फाईल जोडली आहे, तुमच्या टेक्निकल माणसाला दाखवा, चॅटवाल्याला नको.

एक ग्राहक,
डोंबिवली पूर्व