द्रोहोबिचचा चित्रकलेचा मास्तर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आलं त्याच रात्री बेन्यामिन गाइस्लरचा 'बिल्डर फिन्डेन' हा २००२ सालचा जर्मन माहितीपट पाहिला. पाहताना सारखा तूच डोळ्यासमोर येत होतास. त्यातला माणूसही तुझ्यासारखाच शाळेत चित्रकला शिकवायचा. ब्रुनो शुल्झ, पोलिश भाषेतला केवढा मोठा लेखक! दिवसभर वर्ग आणि उरलेल्या वेळात लेखन. तरी दोनच कथासंग्रह झाले, १९३४ आणि १९३७ चे. वडिलांचं चौकातलं कापडाचं दुकान आणि द्रोहोबिचचे रस्ते, एवढ्यावर त्याने अख्खं जग उभं केलं. तो जन्मला तेव्हा ते गाव ऑस्ट्रियाच्या राज्यात होतं. मग पोलंड, सोव्हिएत, जर्मन, आणि आता युक्रेन. देश बदलत गेले, हा मात्र गाव सोडून फारसा कुठे गेला नाही.

तो ज्यू होता. जर्मन आल्यावर फेलिक्स लांडाऊ या गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, अधिकाऱ्याने त्याला 'आपला ज्यू' म्हणून जिवंत ठेवलं आणि स्वतःच्या मुलाच्या खोलीत परीकथांची चित्रं काढून घेतली. १९ नोव्हेंबर १९४२ ला कार्ल ग्युंटर नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने भर रस्त्यात त्याला गोळी घातली. का, तर लांडाऊने ग्युंटरच्या 'आपल्या' ज्यूला मारलं होतं. हे वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो रे.

फेब्रुवारी २००१ मध्ये गाइस्लरला ती चित्रं सापडली. मुलाची ती खोली आता कोणाच्या तरी घरातली सामानाची कोठी झालेली. भांडीकुंडी बाजूला होतात, भिंतीवरच्या रंगाखालून पुसट चेहरे वर येतात. एक गाडीवान आहे, त्याला शुल्झने स्वतःचा चेहरा दिलाय. त्या वेळी ज्यूंना घोडागाडी हाकायलाच काय, तीत बसायलाही बंदी होती. आणि हा लांडाऊसारख्या मारेकऱ्याच्या घरात, त्याच्याच पोरासाठी रंगवताना लगाम हातात घेऊन बसला!

तीन महिन्यांनी याद वाशेम या इस्रायलमधल्या ज्यू हत्याकांडाच्या स्मारक-संग्रहालयाच्या लोकांनी त्यातले काही तुकडे भिंतीवरून काढून जेरुसलेमला नेले. तो ज्यू म्हणून मारला गेला, तेव्हा त्याच्या चित्रांवर आमचा हक्क, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं दुःख मला कळतं. तरीही ते पटलं नाही. २००८ साली करार झाला: मालकी युक्रेनची, चित्रं उसनी. पण भिंत तुटली ती तुटलीच. जो माणूस मरेपर्यंत गावाला धरून राहिला, त्याला तरी तिथेच राहू द्यायचं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत इकडे ये. तो गाडीवान तुला दाखवायचाय. चित्रकाराच्या नजरेला त्या हातांत काय दिसतं, ते मला तुझ्याकडून ऐकायचंय.

तुझाच